फ्रिजचा पंखा कां कुरकुरतो?



घरांतील यंत्रें जोंपर्यंत निमूटपणें काम करीत असतात, तोंपर्यंत त्यांच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. शिवणाचें यंत्र अडलें किंवा घड्याळ मागें पडूं लागलें, म्हणजे त्यांच्या पोटांत काय आहे हा प्रश्न प्रथमच आपल्या मनांत उभा राहतो. फ्रिजचेंही असेंच आहे. रात्रीं निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरांतून घरघर, किरकिर किंवा टकटक ऐकूं येऊं लागली, कीं घरांतील एक जण म्हणतो, "आतां नवा घ्यावा लागणार." दुसरा म्हणतो, "चालतो आहे तोंवर चालूं द्या." हीं दोन्ही मतें परस्परविरोधी दिसलीं तरी त्यांत दोष एकच आहे. तो आवाज कोठून येतो आणि काय सांगतो, हें दोघांपैकीं कोणीच विचारलेलें नसतें. तें विचारण्याची रीत आज सांगावी असा माझा हेतु आहे.

एका पंख्याच्या कुरकुरीसाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. त्याला उत्तर असें कीं, पुष्कळ घरांत फ्रिज हें आतां केवळ दूध आणि भाजी ठेवण्याचें कपाट राहिलेलें नाहीं. मधुमेहाच्या रोग्याचें इन्शुलिन त्यांतच ठेवलेलें असतें. न उघडलेल्या इन्शुलिनला २ ते ८ अंश सेल्सियस एवढी थंडी लागते. त्याहून उष्ण जागीं तें हळूहळू निःसत्त्व होतें. आणि एकदां गोठलें तर टाकूनच द्यावें लागतें. बिघडलेलें इन्शुलिन नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येईलच असा भरंवसा नाहीं. तेव्हां पंख्याच्या आवाजाचा प्रश्न हा निव्वळ झोपमोडीचा प्रश्न नव्हे. ज्या कप्प्यावर आपण विसंबून आहोंत, त्याची थंडी टिकून आहे कीं नाहीं, असा तो प्रश्न आहे.

प्रथम फ्रिज काम कसें करतो हें थोडक्यांत पाहूं. फ्रिज थंडी निर्माण करीत नाहीं. तो आंतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. मागच्या बाजूस तळाशीं काँप्रेसर नांवाचा बंद डबा असतो. तो गॅसला दाबतो, त्यामुळें गॅस तापतो. हा तापलेला गॅस बाहेरच्या नळ्यांतून जातांना आपली उष्णता खोलींतील हवेला देतो आणि द्रवरूप होतो. मग एका अतिशय अरुंद नळीतून तो आंतील नळ्यांत शिरतो, तेथें त्याची पुन्हा वाफ होते, आणि वाफ होतांना तो आंतली उष्णता शोषून घेतो. हें चक्र अखंड चाललेलें असतें.

या व्यवस्थेंत पंखा कोठें येतो? येथें फ्रिजच्या दोन जाती ध्यानांत घेतल्या पाहिजेत. पहिली जात साध्या एकदारी फ्रिजची. त्याच्या वरच्या कप्प्यांत बर्फाचा थर जमतो आणि तो अधूनमधून बटण दाबून वितळवावा लागतो. थंड हवा जड असल्यामुळें आपोआप खालीं उतरते, म्हणून या जातींत बहुधा पंखाच नसतो. अशा फ्रिजमधून आवाज येत असेल, तर पंख्याचा शोध घेणें व्यर्थ आहे. तो आवाज काँप्रेसरचा, भिंतीला टेकलेल्या नळीचा, मागच्या पाण्याच्या तबकाचा किंवा एकमेकींना लागून ठेवलेल्या बाटल्यांचा असावयाचा.

दुसरी जात, ज्यांत बर्फाचा थर दिसत नाहीं, त्या फ्रिजची. यांत थंड नळ्या फ्रीझरच्या मागील पडद्याआड दडविलेल्या असतात, आणि एक लहानसा पंखा त्यांच्यावरून हवा खेळवितो. तीच हवा झरोक्यांतून खालच्या कप्प्यांत पोंचते. म्हणजे खालच्या कप्प्याला मिळणारी थंडी ही या पंख्याची देणगी होय. मोठ्या फ्रिजांपैकीं कांहींत काँप्रेसरजवळ आणखी एक पंखा असतो. तो बाहेरच्या नळ्यांना वारा घालतो. आपल्याकडील पुष्कळ घरगुती फ्रिजांत मात्र या बाहेरच्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड बसविलेल्या असतात. त्यामुळें बाजू हाताला कोमट लागतात. तो रोग नव्हे.

आतां एक गोष्ट मनावर ठसवून ठेवावी. आंतला पंखा थांबला, तरी फ्रीझर कांहीं काळ थंडच राहतो, कारण नळ्या त्याच्या लगत आहेत. खालचा कप्पा मात्र तापूं लागतो. म्हणून महिनाभर कुरकुरणारा पंखा एके दिवशीं आपोआप शांत झाला, तर आनंद मानण्यापूर्वीं खालचें दूध पहावें. आवाज गेला म्हणजे रोग गेला असें नव्हे; कदाचित् रोगी बोलेनासा झाला असेल.

आवाजाच्या तपासाला आरंभ करण्यापूर्वीं निरोगी फ्रिजचे आवाज ओळखले पाहिजेत. पाणी खळखळल्यासारखा आवाज नळ्यांतून वाहणाऱ्या गॅसचा असतो. मधूनच कडकन् आवाज होतो तो थंडीनें आक्रसणाऱ्या आणि उबेनें फुगणाऱ्या प्लॅस्टिकचा. काँप्रेसर सुरू होतांना आणि थांबतांना टक् असा आवाज येतो. नव्या इन्व्हर्टर जातीच्या फ्रिजांत काँप्रेसरचा वेग कमीअधिक होत असतो. उन्हाळ्यांत किंवा गरम अन्न भरल्यावर तो वेग वाढतो, आणि त्याबरोबर आवाजही वाढतो. हे सर्व आवाज येतात आणि जातात. जो आवाज पूर्वीं नव्हता आणि आतां रोज येतो, तोच आपल्या तपासाचा विषय.

पहिली परीक्षा दाराची. आवाज चालू असतांना फ्रीझरचें दार उघडावें, आणि तें मिटून मग खालचें उघडून पहावें. बहुतेक फ्रिजांत दार उघडतांच आंतला पंखा थांबतो, कारण चौकटींत एक बटण असतें आणि दार मिटल्यावर तें दाबलें जातें. दार उघडतांच आवाज बंद पडला, तर आरोपी आंतला पंखाच होय. दार उघडेंच ठेवून तें बटण बोटानें दाबून धरलें, तर पंखा पुन्हा फिरूं लागतो आणि आवाज नेमका कोठून येतो तें कानानें टिपतां येतें. कांहीं नव्या फ्रिजांत हें बटण दिसत नाहीं, कारण तेथें चुंबकावर चालणारा स्विच आंत बसविलेला असतो. तेथें दार उघडण्याच्या परीक्षेवरच समाधान मानावें. दार उघडूनही आवाज तसाच चालू राहिला, तर तो मागच्या बाजूचा आहे असें समजावें.

दुसरी परीक्षा आवाजाच्या जातीची. खरखर किंवा घासल्यासारखा आवाज, आणि तोही ठराविक तालावर, असा आला तर पंख्याचें पातें कशाला तरी लागत आहे. आणि फ्रीझरमध्यें तें "कांहीं तरी" म्हणजे बहुधा बर्फच. चीं-चीं असा बारीक, सतत स्वर आला तर मोटरचें बेअरिंग झिजलें असावें. थडथड असा आवाज आला तर पंखा बसविलेला रबरी आधार सैल झाला असेल, किंवा पात्याचा एक तुकडा उडून त्याचा तोल गेला असेल. या खुणा अचूक नसतात, पण कोठून आरंभ करावा हें त्यांवरून ठरवितां येतें.

तिसरी परीक्षा सर्वांत उपयोगाची आहे, आणि तिला एकही हत्यार लागत नाहीं. फ्रिजचा प्लग भिंतींतून काढावा, सर्व जिन्नस बाहेर काढावे, दोन्ही दारें उघडीं टाकावीं आणि एक अहोरात्र फ्रिजला विश्रांति द्यावी. खालीं जुनें धोतर किंवा टॉवेल अंथरावा, कारण पाणी पुष्कळ निघतें. घाई असेल तर फ्रीझरमध्यें फडक्यावर गरम पाण्याचें पातेलें ठेवावें. इन्शुलिन असेल तर त्याची सोय आधीं शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्यें करावी; तेथेंही तें फ्रीझरमध्यें किंवा त्याच्या लगत ठेवूं नये. चोवीस तासांनंतर आंतील भाग पुसून कोरडा करावा, आणि मग फ्रिज सुरू करून कान द्यावा.

येथें तीन उत्तरें संभवतात. आवाज पहिल्या घटकेपासून तसाच येऊं लागला, तर दोष बर्फाचा नाहीं. पातें किंवा मोटर यांचा आहे. आवाज गेला आणि परत आलाच नाहीं, तर कधीं तरी दार अर्धवट उघडें राहून बर्फ जमला होता, आणि प्रकरण तेथेंच मिटलें. आवाज गेला, पण कांहीं दिवसांनीं किंवा आठवड्यांनीं परतला, तर बर्फ पुन्हा जमत आहे. आणि तो कां जमतो याचा शोध घेतल्याखेरीज पंखा बदलणें म्हणजे छप्पर गळत असतांना सतरंजी बदलण्यासारखें होय.

हा बर्फ येतो कोठून? तो हवेंतील ओलाव्यांतून येतो. आपल्या कोंकणपट्टींत आणि मुंबईंत पावसाळ्यांतील हवा बाष्पानें भरलेली असते. दार उघडलें कीं ती आंत शिरते आणि तिच्यांतील बाष्प सर्वांत थंड जागीं, म्हणजे नळ्यांवर, गोठतें. हा बर्फ वितळविण्याची योजना फ्रिजमध्येंच केलेली असते. नळ्यांखालीं एक हीटर असतो. तो ठराविक काळानें थोडा वेळ तापतो, बर्फाचें पाणी होतें, तें एका भोंकावाटे खालीं उतरून काँप्रेसरजवळच्या तबकांत पडतें, आणि काँप्रेसरच्या उबेनें उडून जातें. या सांखळींतील कोणताही दुवा तुटला, तर बर्फ वाढत वाढत पंख्याच्या पात्याला जाऊन भिडतो.

त्यांतला पहिला दुवा दाराच्या रबराचा. एक कागदाची पट्टी दारांत धरून दार मिटावें आणि पट्टी ओढावी. ती अडखळत निघाली तर रबर ठीक. सहज सुटली तर त्या जागीं फट आहे. चारी बाजूंस ठिकठिकाणीं अशी परीक्षा करावी. पुष्कळदां रबर फाटलेलें नसतें, त्याच्या घड्यांत दुधाचे आणि आमटीचे ओघळ वाळून बसलेले असतात. साबणाच्या कोमट पाण्यानें तें पुसून कोरडें केलें, कीं तें पुन्हा घट्ट बसतें.

दुसरा दुवा आपल्या संवयींचा. वाफाळलेलें भांडें झांकणाशिवाय आंत ठेवणें, फ्रीझरमध्यें पिशव्या कोंबून मागचे झरोके बुजविणें, आणि दार उघडें ठेवून काय हवें याचा विचार करीत उभें राहणें, या तिन्ही गोष्टींनीं बर्फाला आमंत्रण मिळतें. तिसरा दुवा पाण्याच्या भोंकाचा. तें तुंबलें तर पाणी फ्रीझरच्या तळाशीं साचून गोठतें, किंवा खालच्या कप्प्यांत ठिबकूं लागतें. भोंक दिसत असेल तर फ्रिज बंद असतांना त्यांत थोडें कोमट पाणी सावकाश सोडून पहावें. तें मागच्या तबकांत उतरलें म्हणजे वाट मोकळी झाली. चौथा दुवा हीटरचा व त्याला चालूबंद करणाऱ्या उपकरणाचा. रबर, संवयी आणि भोंक हीं तिन्ही निर्दोष ठरलीं आणि तरीही बर्फ जमतच राहिला, तर येथें कारागिराला बोलवावें. हें काम घरच्याचें नव्हे.

ज्यांच्या हाताला पेंचकसाची संवय आहे, त्यांनीं मागील पडदा काढून पंखा पाहण्यास हरकत नाहीं. मात्र प्लग काढून, तो डोळ्यांसमोर ठेवून, आणि बर्फ पूर्ण वितळल्यावरच. बर्फ असतांना पडदा ओढला तर तो फुटतो. नळ्यांवरील पातळ पत्रे पात्यासारखे धारदार असतात, त्यांपासून बोटें जपावीं. पंखा बोटानें हलकेंच फिरवावा. चांगला पंखा अडखळल्याशिवाय फिरून हळूहळू थांबतो. तो जड फिरत असेल, डुगडुगत असेल, किंवा त्याचा दांडा बाजूला हलत असेल, तर मोटर बदलण्याची वेळ आली. पातें चिरलेलें असेल तर तेंही बदलावें. कित्येक जण त्यांत खोबरेल तेल सोडतात. तें थंडींत थिजतें आणि आधींच जड झालेल्या मोटरला अधिकच जखडतें. म्हणून तो उपाय करूं नये.

आवाज मागचा ठरला, तर प्लग काढून फ्रिज पुढें ओढावा. तो चारी पायांवर समतल उभा आहे काय, मागची नळी किंवा तबक कशाला लागून थरथरतें काय, आणि भिंत फार जवळ आहे काय, हें पहावें. काँप्रेसरजवळ पंखा असेल तर त्याच्या पात्यांवर धुळीचे पुंजके, कागदाचे कपटे किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली सांपडते. मऊ कुंचल्यानें ती जागा स्वच्छ केली, कीं पुष्कळ वेळां आवाज तर जातोच, पण नळ्यांना वारा मिळाल्यामुळें विजेचा खर्चही कमी होतो.

आतां एक इशारा, आणि तो समजण्यासाठीं थोडा इतिहास. १९२०-३० च्या दशकांत फ्रिजमध्यें सल्फर डाय-ऑक्साइडसारखे विषारी वायु भरीत असत. अशा वायूची गळती होऊन बर्लिनमधील एक कुटुंब मृत्यु पावल्याची बातमी आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या वाचनांत आली, आणि त्यांनीं लिओ सिलार्ड यांच्याबरोबर १९२६ पासून बिनगळतीचा फ्रिज शोधण्याचे प्रयत्न केले. त्यांच्या एका योजनेंत फिरणारा किंवा सरकणारा असा एकही घन भाग नव्हता. द्रवरूप धातु विद्युच्चुंबकीय शक्तीनें हलवून तोच गॅस दाबीत असे. गंमत अशी कीं, या पंपाची मुख्य अडचण त्याचा आवाज हीच होऊन बसली. पुढें फ्रेऑन जातीचे निर्विष वायु आले आणि हा प्रश्न मागें पडला. परंतु त्या वायूंनीं वातावरणांतील ओझोनचा थर विरळ होतो असें आढळल्यावर १९८७ च्या माँट्रिऑल करारानें त्यांना निरोप देण्याचें ठरलें. आज अनेक नव्या फ्रिजांत आयसोब्यूटेन हा वायु असतो. तो ओझोनला अपाय करीत नाहीं, पण आपल्या स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणेंच ज्वालाग्राही असतो.

यावरून इशारा असा कीं, बर्फ सुरीनें, उलथन्यानें किंवा पेंचकसानें कधींही खरवडूं नये. नळी भोंसकली गेली, तर सारा गॅस निसटतो आणि दहा मिनिटें वांचविण्याच्या नादांत फ्रिजच गमावण्याची पाळी येते. तसें घडलेंच तर शेगडी विझवावी, काडी ओढूं नये, त्या खोलींतील विजेच्या कोणत्याही बटणाला किंवा प्लगला हात लावूं नये, खिडक्या उघडून बाहेर यावें. विजेचा केंस वाळविण्याचा झोतही ओल्या फ्रीझरमध्यें धरूं नये. पाणी आणि वीज यांचा मेळ घालण्यापेक्षां एक रात्र थांबणें पत्करलें. जळका वास, प्लगजवळ काळेपणा, पत्र्याला हात लावतांच झिणझिण्या, किंवा नळीजवळ तेलाचा डाग दिसला, तर तपास तेथेंच थांबवून कारागिराला बोलवावें.

कारागीर आल्यावर "फ्रिज आवाज करतो" एवढेंच सांगूं नये. आवाज दार उघडतांच थांबतो कीं नाहीं, बर्फ वितळविल्यावर किती दिवसांनीं परतला, आणि कागदाच्या पट्टीची परीक्षा काय निघाली, हें त्याला सांगावें. चांगल्या कारागिराला त्यामुळें अर्धें काम झाल्यासारखें होतें. आणि जो पंखा बसविल्यावर महिन्याभरानें काँप्रेसरही बदलावयास सांगेल, त्याला आपले दोन प्रश्न विचारण्याचें बळ आपल्याला येतें. काढलेला जुना भाग नेहमीं परत मागून पहावा. पंख्याची मोटर हा फ्रिजचा एक लहानसा अवयव आहे. तेवढ्यासाठीं धडधाकट कपाट भंगारांत देणें घरच्या पैशालाही परवडत नाहीं आणि पृथ्वीलाही.

शेवटीं एक स्वस्त साधन सुचवितों. फ्रिजमध्यें ठेवावयाचा लहान थर्मामीटर आणून तो पाण्याच्या पेल्यांत बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा. सकाळीं तो ३ ते ५ अंश दाखवीत असेल, तर पंखा कुरकुरत असूनही आपलें काम करीत आहे. तपास सवडीनें करावा. तो ८ च्या वर गेला असेल, तर पंखा गप्प असला तरी सवड संपली आहे. त्यांतील इन्शुलिन वापरण्यापूर्वीं डॉक्टरांचा किंवा औषधविक्रेत्याचा सल्ला घ्यावा. कानानें शंका घ्यावी आणि निर्णय थर्मामीटरवर सोंपवावा, एवढी एक संवय लागली तरी घरांतल्या त्या पांढऱ्या कपाटावर आपण ठेवलेला विश्वास आंधळा राहणार नाहीं.